बोटभर जागा

ओढ्याच्या आळीत वर्षाराणीला आता कुणी नावानं हाक मारत नव्हतं. ती याच आळीत जन्मली, इथल्याच बोळातून शाळेत गेली. लग्न होऊन वरच्या कॉलनीत गेली तेव्हा निम्मी आळी रस्त्यापर्यंत रडत आली होती. आता ती दिसली की लोक म्हणायचे, खड्डेवाली आली. खड्डे खणणारे वेगळेच होते. ते जेसीबी घेऊन यायचे, रस्ता उलथा करायचे, जेवायला म्हणून जायचे ते परवा उगवायचे. त्यांच्या वाट्याच्या शिव्या खायला पाण्याची लाइन टाकणाऱ्या कंपनीनं वर्षाराणीला पगारावर ठेवलं होतं आणि त्या नोकरीला ‘नागरी संवादक’ असं गोंडस नाव दिलं होतं.

"आलीस का?" शेवंतामामी गिरणीच्या दारात पिठानं माखलेले हात घेऊन उभी होती. "आता काय उकरायचं राहिलंय? माझी चूल तेवढी राहिलीय बघ."

"मामी, तुमची चूल गॅसची हाय."

"मग गॅस उकर. अख्खा पावसाळा लोकांनी चरावरच्या फळीवरनं दळण आणलं. निम्मं गिऱ्हाईक त्या बाजारातल्या गिरणीनं पळवलं. आमच्या म्हातारीचा पाय घसरला फळीवरनं, खुबा मोडला. पाइप टाकून झालं ना तुमचं? मग परत कशाला तोंड दाखवतीस?"

 वर्षाराणीला स्वतःलाही हे तोंड दाखवायचा कंटाळा आला होता. पण आज तिला सांगायचं होतं, की याच आळीत अकरा ठिकाणी परत खणायचं आहे. आणि ती अकरा ठिकाणं तिच्या बापाच्या हातची होती.

मालदरे हे गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. इथली जमीन अधूनमधून हलते. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, हातातला चहा कुणी खाली ठेवत नाही. पण काही वर्षांमागं एक मोठा धक्का आला. घरं फारशी पडली नाहीत, मेलं तर कुणीच नाही. पेपरवाल्यांनी फोटो काढले, पुढारी हात जोडून गेले. खरं मरण पुढच्या महिन्यात आलं. त्या धक्क्यात गावाची जुनी पाइपलाइन जागोजाग तुटली होती, टाकी तासाभरात रिकामी झाली होती आणि लोकांनी ओढ्याचं पाणी प्यायला सुरुवात केली होती. काविळीची साथ आली. वर्षाराणीची आई त्यात गेली. सरकारी यादीत ती भूकंपात मेली असं लागलं नाही. कावीळ हा भूकंप नव्हे, असं एका साहेबानं समजावून सांगितलं होतं.

त्यानंतर ही नवी लाइन आली. वर्षाराणीनं ही नोकरी धरली ती त्याच कारणानं. पगाराचं नंतर सुचलं.

नवी लाइन म्हणजे नुसता मजबूत पाइप नव्हता. जुन्या पाइपांचे सांधे घट्ट असत, आणि जमीन सरकली की घट्ट सांधाच आधी तुटे. नव्या पाइपाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात सैल बसवलेलं, आत एक कडी. जमीन ओढली गेली की टोक बोटभर बाहेर सरकतं, दाबली गेली की बोटभर आत जातं, थोडं वाकतंही. बोटभर सरकून झालं की कडी अडते आणि शेजारचा सांधा सरकायला लागतो. म्हणजे सगळी लाइन जमिनीत निजलेली साखळी. जमिनीशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर वळायचं.

आणि या साखळीला कान होते. पाइपाच्या पाठीवरून एक काचेचा धागा गेला होता, केसाएवढा. त्यातून सतत प्रकाश सोडलेला असे. जमीन जराशी थरथरली की धाग्यात परतणारा प्रकाश बदले आणि टाकीवरच्या यंत्राला कळे, की नेमका कुठला सांधा किती सरकला. माणसाला न जाणवणारे धक्के या खोऱ्यात रोजचेच. प्रत्येक धक्क्यागणिक यंत्र अख्ख्या लाइनीची नाडी तपासत होतं. मोठा भूकंप आलाच, तर त्याची पहिली लाट वेगानं येते पण ती दुबळी असते. घरं पाडणारी लाट मागून येते. दोघींच्या मधल्या काही सेकंदांत यंत्र ठरवतं, कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे आणि कुठले उघडे ठेवायचे. टाकी वाचवायची आणि पाणीही चालू ठेवायचं. हुशार काम होतं. वर्षाराणीनं ते गल्लोगल्ली समजावून सांगितलं होतं, हातातल्या बांगड्या एकमेकींत अडकवून दाखवत.

ओढ्याच्या आळीत समजावलं, तेव्हा सगळ्यांत पुढं हणमंतआण्णा बसले होते. तिचे वडील. उभा जन्म गवंडीकामात गेलेला. सदुसष्टच्या भूकंपात ते पोरसवदा होते. मातीत रचलेली दगडी भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या आईच्या अंगावर आली. तेव्हापासून हलणाऱ्या वस्तूशी त्यांचं वैर होतं. या खोऱ्यातल्या निम्म्या घरांना त्यांनी भिंती धरून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे बांधून दिले. लोक पोरीच्या लग्नाआधी पत्रिका बघतात, तसे घर घेण्याआधी विचारायचे, पट्टा हणमंताचा आहे का.

त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग एका रविवारी, मजूर सुट्टीवर असताना, चर अजून नुसत्या वाळूनं बुजवलेला होता तेव्हा, त्यांनी एका सांध्यावरची वाळू काढून पाइप पायानं ढकलून बघितला. पाइप हलला. त्यांना जे कळायचं ते कळलं: कंपनीनं काम ढिलं ठेवलंय, आणि ढिल्याला शास्त्राचं नाव देऊन पोरीच्या तोंडून वदवून घेतलंय. त्यांनी आळी गोळा केली. कुणी वाळू आणली, कुणी सिमेंट, शेवंतामामीनं चहा केला. दिवसभरात आळीतले अकराच्या अकरा सांधे काँक्रीटमध्ये गाडले गेले, वर चांगले गुळगुळीत ओटे बांधले गेले. फुकट. आळीच्या भल्यासाठी. इतकं मन लावून केलेलं चुकीचं काम वर्षाराणीनं कधी बघितलं नव्हतं.

आज ती त्यातल्याच एका ओट्यावर बापासमोर बसली होती.

"आण्णा, हे फोडायला लागंल."

"का?"

"सांध्याला हलायला जागा पायजे. शंभरदा सांगितलं तुम्हाला."

"आन् मी शंभरदा ऐकलं." आण्णांनी ओट्यावर तळवा आपटला. "हाल म्हण ह्याला. हालतोय का? तुझी आई गेली ती पाइप हालला म्हणून. आता न्हाय हालायचा."

"आई गेली ती पाइप तुटला म्हणून. अन् तुटला तो घट्ट होता म्हणून."

"तुझ्या सायबाला घर बांधायचं असलं तर माझ्याकडं पाठव. त्याला कळंल घट्ट कशाला म्हणत्यात."

आजूबाजूला हसू पिकलं. वर्षाराणी हसली नाही, तसं मामीनं मागून विचारलं, "खड्डेवाले, तू जेवलीस का? का उपाशीच भांडतीस?" आणि तिच्यापुढं भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला. शिव्या देणारी माणसंच जेवायलाही घालत होती. त्यामुळं तिला धड चिडताही येईना. परत खणायला आळीची संमती लागत होती. आळीनं नाही म्हटलं. एकमतानं.

ओटा म्हणजे काय, हे ज्यांच्या घराला दिवाणखाना आहे त्यांना कळत नाही. या आळीत एका खोलीत पाच-सहा जणं राहतात. म्हातारी माणसं ओट्यावर झोपतात, पोरं ओट्यावर अभ्यास करतात, पापड तिथंच वाळतात, सोयरिकी तिथंच ठरतात. वरच्या कॉलनीत लाइन बागांखालून गेली होती. तिथं कुणाला तिच्यावर काही बांधायची गरजच नव्हती. तिथले सांधे मोकळे राहिले, कारण तिथली माणसं मोकळी होती.

टाकीवरच्या खोलीत साबणेसाहेब पडद्यासमोर बसले होते. लाइनीचे मुख्य अभियंता. माणूस वाईट नव्हता. त्यांचे डोळे सुजलेले असायचे, टेबलावर ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असायची आणि कंपनीचा फोन आला की ते उभं राहून बोलायचे.

"संमती नाही मिळाली," वर्षाराणी म्हणाली.

"मला माहीत होतं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. सगळी लाइन हिरव्या मण्यांच्या माळेसारखी दिसत होती. ओढ्याच्या आळीपाशी अकरा लाल मणी. "गेल्या आठवड्यात तीन बारीक धक्के झाले. सगळी लाइन केसभर हलली, हे अकरा ढिम्म. पण आता फोडायची गरज नाही. यंत्रानंच मार्ग काढलाय."

"कसला?"

"सांधा अडकलेला असेल तर मोठ्या धक्क्यात पाइप तिथं तुटणार, असं यंत्र धरून चालतं. तुटला तर पाणी वाया जाणार. म्हणून पहिली लाट आली की ते आळीच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह आधीच बंद करून टाकेल. बाकी गाव चालू." त्यांनी तो तुकडा मोठा करून दाखवला. त्याच्यावर एक शब्द उमटला होता: त्यागखंड.

वर्षाराणी त्या शब्दाकडं बघत राहिली. "त्याग म्हणजे आपण आपलं सोडतो तो. हे दुसऱ्याचं सोडणं झालं."

"शब्द माझा नाही, मॅडम."

"आणि परत चालू कधी?"

"प्रत्येक सांधा डोळ्यांनी तपासल्याशिवाय नाही. काँक्रीट फोडून."

"साहेब, त्या आळीत टँकर शिरत नाही. ओढा खाली वीस पावलांवर आहे. लोक काय पितील, ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." त्यांनी पडद्यावरचा तुकडा परत लहान केला. "एका आळीसाठी मी गावाची लाइन अडवून धरू शकत नाही. उद्या भूकंप आला तर? तुम्ही फक्त एवढं नोंदवा, की रहिवाशांना माहिती दिली आणि त्यांनी नकार दिला. ते खरंच आहे ना?"

ते खरंच होतं. म्हणूनच ते इतकं घाणेरडं होतं. यंत्राला गरिबी कळत नाही, पण तिचा पत्ता त्याला बरोबर सापडतो. वर्षाराणी दीड वर्ष दारोदार फिरून थकली होती. बापाशी भांडून थकली होती. घरी गेलं की नवरा म्हणायचा, सोड की ती नोकरी. मुलगा म्हणायचा, आई, तुझ्या केसांत धूळ आहे. साबण्यांनी पुढं सरकवलेल्या नोंदीच्या पाटीवर तिनं अंगठा टेकवला. पाटी हिरवी झाली.

आळीत जाऊन, आण्णांच्या ओट्यावर बसून तिनं परत एकदा बांगड्यांची साखळी दाखवली, काचेचा धागा समजावला आणि शेवटी म्हणाली, काही अडचण आली तर तुमचं पाणी थोडा वेळ बंद राहील.

"ते तर रोजच राहतंय," शेवंतामामी म्हणाली. सगळे परत हसले. त्यागखंड हा शब्द वर्षाराणीनं गिळला. आता आणखी एक भांडण तिला झेपणार नव्हतं.

दिवाळी झाली. थंडी पडली. लाइनीचं उद्‌घाटन झालं, पुढाऱ्यानं नळ सोडला, टाळ्या पडल्या. आणि एका सकाळी, शाळा भरायच्या वेळेला, जमीन हलली.

वर्षाराणी तेव्हा टाकीवरच्या खोलीतच होती. आधी पडद्यावर एक बारीक लाट दिसली. मग कुठंतरी लांबचा व्हॉल्व्ह बंद झाल्याचा खट्ट असा आवाज पाइपातून आला. तोवर पायाखाली काहीच जाणवलं नव्हतं. तिनं साबण्यांकडं बघितलं, साबण्यांनी तिच्याकडं, आणि मग सगळी खोली कुणी गदागदा हलवावी तशी हलली. कपाट पडलं. गोळ्यांची पट्टी जमिनीवर. ती दाराच्या चौकटीत उभी राहून सेकंद मोजतही नव्हती, देवाचं नावही घेत नव्हती. ती पडद्याकडं बघत होती. हिरवे मणी एकामागोमाग एक हलत होते, ताणले जात होते, दबत होते, पण तुटत नव्हते. आणि आळीचा तुकडा राखाडी झाला होता.

थांबलं. साबणे जमिनीवर बसले. "चालली," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अख्खी लाइन चालली. दवाखान्यात पाणी आहे, शाळेत आहे, बघा."

"आळीत नाही," वर्षाराणी म्हणाली.

ती घरी धावली. मुलगा, नवरा धड होते. स्वयंपाकघरातला नळ तिनं सवयीनं सोडला. पाणी आलं, थोडं गढूळ, मग स्वच्छ. तिनं तो झटकन बंद केला, कुणी बघेल या धास्तीनं.

आळीत घरं उभी होती. आण्णांच्या पट्ट्यांनी एकही घर खाली येऊ दिलं नव्हतं. त्या बाबतीत म्हातारा खरा ठरला होता. पण नळ कोरडे. दुसऱ्या दिवशीही कोरडे. कंपनीची तपासणीची माणसं आधी मोठ्या रस्त्यावर, मग बाजारात, मग कॉलनीत. आळीचा नंबर शेवटी. टँकर आळीच्या तोंडाशी येऊन परत गेला. बायका हंडे घेऊन ओढ्याकडं निघाल्या.

ओढ्याच्या उतारावर आण्णा उभे होते. हातात काठी.

"आण्णा, बाजूला व्हा, पोरं तहानल्यात."

"हितलं पाणी कुणी न्यायचं न्हाय. वरच्या नळावर जावा."

"वरच्या नळावर अर्धा गाव हाय. तुमच्या पोरीला सांगा की."

वर्षाराणी तिथं पोचली तेव्हा हे चालू होतं. तिला बघून बायकांनी वाट दिली. आण्णांनी काठी खाली केली नाही.

"पाइप फुटला?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. बहुतेक न्हाय."

"मग पाणी का न्हाय?"

"बंद केलंय."

"कुणी?"

"मशिननं. धक्का यायच्या आधीच."

"आमचंच?"

"तुमचंच."

शेवंतामामी पुढं आली. "तुझ्या घरी हाय पाणी?"

वर्षाराणी म्हणाली, "हाय."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मग तिनं सगळं सांगितलं. सांधे अडकलेत म्हणून आळी आधी बंद करायची हे ठरलेलं होतं, त्याला काय नाव होतं, आणि तिनं त्यावर अंगठा दिला होता. बोलताना तिचा आवाज चढला नाही, फक्त कोरडा पडला.

"कधी ठरलं?" आण्णांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

"तवा तू आलीवतीस की. ओट्यावर बसलीवतीस."

"व्हय."

"अन् मला साखळीचं सांगत बसलीस. बांगड्या दाखवल्यास. काचंचा धागा. मला त्यातलं काय कळतंय? मी म्हणलं, पोरगी सायबाची भाषा बोलती." त्यांनी काठी जमिनीवर टाकली. "ही आळी वगळणार हैत, एवढं सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी फोडलं असतं मी. माझ्या हातानं."

ते उतार चढून वर गेले. घरातून छिन्नी आणि घण आणला आणि आपल्याच दारातला ओटा फोडायला बसले. त्यांना दम लागत होता. थोड्या वेळानं शेवंतामामीचा नवरा पहार घेऊन आला. मग आणखी दोघं-तिघं. गिरणीसमोरच्या ओट्यावर मामीनं स्वतः पहिला घाव घातला आणि म्हणाली, "हे पण करून घेतलंस, खड्डेवाले."

काँक्रीट चांगलं होतं. इतकं चांगलं, की संध्याकाळ होत आली तरी अर्धेच सांधे मोकळे झाले. एकेक सांधा धड निघत होता आणि आण्णांची मान एकेक बोट वर येत होती. मग सातवा. काँक्रीटचं ढेकूळ जिथं संपत होतं, त्याच काठावर पाइपाला एक काळी रेघ होती. आण्णांनी धोतराच्या टोकानं ती पुसली. रेघ गेली नाही. पाइपाच्या निम्म्या अंगावरून ती फिरली होती. काँक्रीटनं सांधा धरून ठेवला होता आणि जमिनीनं पाइप ओढला होता, आणि मधे जे व्हायचं ते सुरू झालं होतं. पुढचा धक्का पुरला असता.

म्हातारा त्या रेघेकडं बघत उकिडवा बसून राहिला.  बरोबर ठरण्याची वर्षाराणीला अजिबात हौस उरली नव्हती.

"किती जागा लागती म्हणलीस?" आण्णांनी विचारलं.

"बोटभर."

"बोटभर," ते म्हणाले. "अन् मी बैलगाडीभर काँक्रीट वतलं."

उरलेले चार सांधे रात्री उशिरापर्यंत मोकळे झाले. सकाळी साबणे आले, त्यांनी सगळे सांधे तपासले, भेगाळलेला पाइप बदलायला माणसं बोलावली. ती कामाला लागली तेव्हाच एक बारीक धक्का आला. पोरं ओरडत मोकळ्या जागेकडं पळाली, बायकांनी हंडे टाकले. आण्णा चरातच बसून राहिले. त्यांचा तळवा मोकळ्या सांध्यावर होता. तळव्याखाली लोखंड केसभर सरकलं आणि थांबलं. त्यांनी हात काढला नाही, दाबलाही नाही.

"हालला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आळीला पाणी आलं. गढूळ आलं, म्हणून वर्षाराणीनं आणखी थोड्या शिव्या खाल्ल्या. चरात वाळू भरली. ओटे परत बांधले गेले नाहीत. सांध्यांच्या जागी फरशा नुसत्या टेकवून ठेवल्या, उचलता येतील अशा. म्हातारी माणसं त्या डुगडुगत्या फरशांवर बसून आण्णांना नावं ठेवायला लागली. आण्णा तिच्याशी बोलायला लागले, पण पूर्वीसारखं नाही. ती आली की ते चहा सांगत आणि तिनं बोलायला सुरुवात केली की मधेच विचारत, "अजून काय सांगायचं राहिलंय का?" तो टोमणा होता का प्रश्न, हे तिनं शोधायचा प्रयत्न केला नाही. दोन्हीचं उत्तर एकच होतं: यापुढं काही सांगायचं राहू द्यायचं नाही.

टाकीवरच्या पडद्यावर आता नवे लाल मणी दिसत होते, कुंभारवाड्यात चार. भूकंपानंतर घाबरून तिथल्या लोकांनीही आपापल्या दारातले सांधे काँक्रीटनं पक्के केले होते. साबणे म्हणाले, "संमती घेऊन बघा. नाही मिळाली तर नोंदवू."

"नोंदवणार नाही," वर्षाराणी म्हणाली. "आणि तो शब्द मी तिथं मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. कंपनीला काय कळवायचं ते कळवा."

साबण्यांनी गोळी तोंडात टाकली. त्यांनी काहीच कळवलं नाही.

ती कुंभारवाड्यात पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. एका दारात एक बाई मडकी उन्हात मांडत होती. तिनं वर बघितलं आणि आतल्या माणसाला सांगितलं, "अहो, खड्डेवाली आली."

नवरा बाहेर आला, चेहरा आधीच आंबवून. वर्षाराणीनं बांगड्या दाखवल्या नाहीत. साखळीचं नाव काढलं नाही, धाग्याचंही नाही. ते सगळं नंतर सांगता येणार होतं. ती त्यांच्या नव्या ओट्यावर टेकली, पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "पुढचा भूकंप आला की गावात सगळ्यांत आधी तुमचं पाणी तोडणार आहेत. ते ठरलेलं आहे. आता मला शिव्या द्या, आणि मग पहार कुणाकडं आहे ते सांगा."